अंदाजपत्रकाआधी हिशेब मांडा : नवनिर्वाचित नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
महापौर, स्थायी समितीचे सभापती आणि महानगरपालिकेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि आपल्या शहराने आपल्याला सभागृहात पाठवले, त्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. या निवडणुकीत मी अपक्ष उमेदवार होते. मतदारांचा कौल मला पूर्णपणे मान्य आहे आणि हे पत्र त्या निकालाविषयी नाही. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने राज्यातल्या अनेक महानगरपालिकांना लागू पडते, आणि कोणा एका अधिकाऱ्याला किंवा पक्षाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा माझा हेतू नाही.

हे पत्र जाहीरपणे लिहावे लागले ते आपल्या सभागृहाच्या एका निर्णयामुळे. सर्वसाधारण सभेत कार्यक्रमपत्रिकेत नसलेला ऐनवेळचा विषय म्हणून मालमत्ता कराच्या थकबाकीवरील शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, माफ करणारी अभय योजना राबवावी असा ठराव आला आणि एकाही सदस्याने त्यावर प्रश्न न विचारता तो मंजूर झाला. थकबाकी एकूण किती, त्यात लहान घरे किती आणि मोठ्या व्यापारी मिळकती किती, माफीमुळे तिजोरीत किती कमी येणार, यांपैकी एकही आकडा सभेपुढे नव्हता. त्याच सभेत निवडणुका न झाल्याने आयुक्तांनीच प्रशासक म्हणून कारभार पाहिला त्या काळातील खर्चाचा तपशील मागणारा विषय मात्र ‘पुढील सभेत घेऊ’ असे म्हणून बाजूला ठेवण्यात आला. उत्पन्न सोडून देण्याचा निर्णय काही मिनिटांत होतो आणि झालेल्या खर्चाची विचारणा लांबणीवर पडते, हा क्रम मला करदाती म्हणून आणि याच विषयावर मते मागितलेली उमेदवार म्हणून स्वस्थ बसू देत नाही.

माझे आयुष्य लहान कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या जमाखर्चाच्या वह्यांत गेले. निवडणूक लढवण्याचे कारणही तेच होते. शहराच्या पैशाविषयी बोलणारा एक तरी उमेदवार आमच्या प्रभागात असावा असे वाटले, म्हणून अर्ज भरला. उमेदवारी अर्जासाठी जी कागदपत्रे गोळा करावी लागतात त्यांत महानगरपालिकेची कोणतीही थकबाकी नसल्याचा दाखला असतो. आपण प्रत्येकाने तो मिळवला असेल, कारण पालिकेच्या थकबाकीदाराला कायदा सदस्य होऊ देत नाही. शपथपत्रात आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहितीही आपण दिली. परंतु ज्या संस्थेचा कारभार पाहायचा तिचे उत्पन्न किती, देणी किती आणि आपण दिलेली आश्वासने कोणत्या पैशातून पुरी होणार, हे उमेदवाराला कुठेही लिहून द्यावे लागत नाही. कायद्याने न विचारलेला हा प्रश्न मतदाराने विचारावा, असा माझ्या प्रचाराचा सगळा प्रयत्न होता.

तो प्रयत्न करताना जे दिसले ते सांगणे भाग आहे. मुंबई वगळता सर्वत्र बहुसदस्यीय प्रभाग आहेत; बहुतेक ठिकाणी एका प्रभागातून चार सदस्य निवडून येतात. चिन्हांचे वाटप 3 जानेवारीला झाले आणि मतदान 15 तारखेला. एवढ्या मुदतीत पक्षाचे पाठबळ नसलेल्या उमेदवाराने अशा विस्तीर्ण प्रभागातील प्रत्येक मतदारापर्यंत पोहोचायचे आणि शिवाय कराचा विषय समजावून सांगायचा, हे फार अवघड असते. मोठ्या महानगरपालिकांत उमेदवाराला 15 लाख आणि सर्वांत लहान, ‘ड’ वर्गातील महानगरपालिकांत 9 लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. ज्याच्याकडे पतसंस्थेतल्या ठेवीखेरीज काही नाही त्याला ही मर्यादा गाठण्याचा प्रश्नच येत नाही, आणि जो ती गाठतो तो पैसा कुठून आणतो व पुढे कसा भरून काढतो, हा प्रश्न शहराच्या निविदांपासून फार लांब नसतो. चार सदस्यांच्या प्रभागाचा आणखी एक परिणाम आता निवडणुकीनंतर जाणवतो आहे. रस्त्याच्या कामाविषयी विचारायला गेले की एक सदस्य दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि दुसरे तिसऱ्याकडे. प्रभागात खर्च झालेल्या रुपयाचा जाब नक्की कोणाला विचारायचा, हे प्रत्येक प्रभागातील चौघा सदस्यांनी मिळून एकदा लेखी ठरवून द्यावे.

आता मूळ मुद्द्यांकडे वळते.

पहिला मुद्दा अभय योजनेचा. मालमत्ता कर वेळेत भरला नाही तर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. हा दर जाचक आहे, विशेषतः ज्याच्या घरात आजारपण आले किंवा ज्याचा यंत्रमाग बंद पडला त्याच्यासाठी, आणि त्याविषयी विचार व्हायलाच हवा. परंतु दर एक-दोन वर्षांनी सरसकट माफी दिली की तिचा फायदा कोणाला होतो ते पाहावे. प्रचारात एका चाळीत मी गेले होते. तिथल्या सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या काकांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या वर्षवार लावून ठेवल्या होत्या. जुन्या पावत्या हाताने लिहिलेल्या, शाई उडालेल्या; नव्या पावत्या संगणकावर छापलेल्या. लवकर भरणा केल्यावर मिळणारी सवलत चुकू नये म्हणून ते दरवर्षी पहिल्या तिमाहीतच रांगेत उभे राहतात. त्यांनी मला एवढेच विचारले, “ताई, ज्यांनी भरलंच नाही त्यांना तुम्ही सूट देणार, मग आम्ही वेळेवर भरून काय मिळवलं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आपल्याकडे असायला हवे, कारण ठराव आपण केला आहे.

शास्ती माफ होणार हे गृहीत धरून मोठे थकबाकीदार थांबून राहतात, हे वसुली विभागातील कोणताही लिपिक सांगेल. ज्याच्याकडे खेळते भांडवल आहे त्याच्यासाठी पालिकेचा कर म्हणजे बिनव्याजी कर्ज होते. त्याउलट दोन खोल्यांच्या घरमालकावर जप्तीची नोटीस चिकटली की तो उसनवारी करून पैसे भरतो. म्हणून लहान निवासी मिळकती आणि व्यापारी मिळकती यांना एकाच मापाने माफी देणे अन्यायाचे आहे. शिवाय थकबाकीचा मोठा भाग न्यायालयीन वादात, दुबार आकारणीत किंवा अस्तित्वात नसलेल्या मिळकतींच्या नावावर असतो. तो भाग कोणत्याही माफीने वसूल होणार नाही. त्यासाठी नोंदी दुरुस्त कराव्या लागतील आणि ते काम कंटाळवाणे असल्यामुळे ते कोणी करत नाही.

करमाफीचे राजकारण आपल्या एकट्या शहरापुरते नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरांना 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत मधल्या काळात बंद झाली, लोकांना फरकाची बिले आली आणि 2023 मध्ये ती पुन्हा लागू झाली. लहान घरांना सवलत देण्याला माझा विरोध नाही. मुंबईला असा निर्णय पेलवतो, कारण तिचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होते आणि तिच्या बँकांतील ठेवी काही वर्षांपूर्वी 90 हजार कोटींच्या आसपास पोहोचल्या होत्या. त्या ठेवीही मोठ्या प्रकल्पांमुळे पुढे घटू लागल्या आहेत. आपल्या शहराकडे अशी पुंजी नाही. मुंबईची सवलत आपल्या जाहीरनाम्यात उचलून घेताना मुंबईची तिजोरी सोबत येत नाही, हे प्रचारात कोणीच सांगितले नाही.

दुसरा मुद्दा अंदाजपत्रकाच्या उत्पन्नाच्या बाजूचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. अंदाजपत्रकाचे पुस्तक उघडले की प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, चार रकाने असतात : मागील वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचे मूळ अंदाज, चालू वर्षाचे सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचे अंदाज. सदस्यांनी केवळ मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि विकास शुल्क या तीन ओळींवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे वाचावे. मूळ अंदाज मोठा, सुधारित अंदाज लहान, प्रत्यक्ष जमा त्याहून लहान, आणि तरीही पुढील वर्षाचा अंदाज पुन्हा सर्वांत मोठा, असा प्रकार वर्षानुवर्षे चालतो. आयुक्त एक आकडा मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते, सर्वसाधारण सभा आणखी भर घालते. प्रत्येक टप्प्यावर वाढतात ती कामे, आणि ती बसावीत म्हणून कागदावरचे उत्पन्न वाढवले जाते. पैसा मात्र तेवढाच राहतो.

याचे परिणाम कोणावर होतात? कामाचे आदेश निघतात, ठेकेदार काम करतो, बिल लेखा विभागात पडून राहते आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ते दायित्व म्हणून येते. उशिरा पैसे मिळणार हे माहीत असलेला ठेकेदार निविदेतच दर चढवतो किंवा डांबरात कसर काढतो. वर्ष संपत आले की ज्या लेखाशीर्षात पैसे उरले आहेत तिथून ते वर्गीकरणाने दुसरीकडे वळवले जातात, आणि वळवले जातात ते बहुधा शाळांच्या दुरुस्तीचे, दवाखान्यातील औषधांचे किंवा उद्यानांचे, कारण त्यांच्यासाठी सभागृहात भांडणारे कोणी नसते. मार्चअखेरीस घाईने बसवलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात गळणारी शाळेची खोली, या दोन्हींचे मूळ त्या फुगवलेल्या उत्पन्नाच्या आकड्यात आहे.

या ठिकाणी शहरांची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळा दोष महानगरपालिकांचा नाही. शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर शहरांच्या हातातला सर्वांत मोठा करच संपला. त्याबदल्यात राज्य सरकार 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून, दरवर्षी 8 टक्के वाढीसह, नुकसानभरपाई देते. ही रक्कम नियमित येते ही समाधानाची गोष्ट आहे, पण शहरातला व्यापार वाढो की घटो, तिच्यावर शहराचा काहीही ताबा नाही. घरपट्टीच्या बिलातही शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असे जे रकाने असतात ते पैसे पालिका गोळा करून राज्याकडे भरते. नागरिकाला मात्र सगळे बिल पालिकेचेच वाटते. देशातील महानगरपालिकांचे एकत्रित उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 1 टक्क्यावरच अडकून राहिले आहे, असे रिझर्व्ह बँकेने 2022 च्या अहवालात नोंदवले होते. म्हणजे जो मालमत्ता कर शहराच्या स्वतःच्या हातात उरला आहे, तोच आपण निवडणुकीच्या आश्वासनांत वाटून टाकत आहोत. राज्याकडे हक्काने जास्त वाटा मागायचा असेल तर आधी आपल्या हातातला कर नीट गोळा करून दाखवावा लागेल. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानासाठी लेखे संकेतस्थळावर जाहीर करण्याची आणि मालमत्ता कराची वसुली सुधारण्याची अट घातली होती.

तिसरा मुद्दा प्रशासक काळाचा. संविधानाच्या कलम 243 यू नुसार महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार या शहरांची मुदत 2020 मध्ये संपली, मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूरची 2022 मध्ये. इचलकरंजी आणि जालना या शहरांनी महानगरपालिका झाल्यावर आताच पहिली निवडणूक पाहिली. एवढी वर्षे प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि तो मंजूर करणारी स्थायी समिती व सर्वसाधारण सभा यांचे अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती होते. त्या काळात चांगली कामेही झाली असतील आणि अनेक अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे कारभार केला असेल; मी त्यावर शंका घेत नाही. परंतु करदात्यांच्या वतीने प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस तिथे नव्हता. त्या काळात घेतलेली कर्जे, अनेक वर्षांसाठी दिलेले ठेके, मोडलेल्या ठेवी आणि प्रलंबित बिले यांचे एकत्रित विवरण मागणे हा आपला पहिला अधिकार होता, आणि तोच आपण पुढच्या सभेवर ढकलला. महानगरपालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकांचे अहवाल स्थायी समितीसमोर यावेत अशी कायद्यात व्यवस्था आहे. ते अहवाल आता मागवून घ्या आणि त्यांतील आक्षेपांवर काय कार्यवाही झाली ते विचारा.

नागरिकांच्या सहभागाविषयी थोडक्यात लिहिते. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा आहे. तिच्यात उणिवा आहेत, पण प्रथा आहे. प्रभागात क्षेत्र सभा, म्हणजे त्या भागातील मतदारांची सभा, घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात 2009 मध्ये आली, तरी ती आमच्या भागात कोणी पाहिलेली नाही.

यावरून आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत. अभय योजनेचा ठराव तूर्त स्थगित ठेवावा. थकबाकीचे निवासी, व्यापारी, शासकीय आणि न्यायप्रविष्ट असे वर्गीकरण जाहीर करावे, सर्वांत मोठ्या शंभर व्यापारी थकबाकीदार मिळकतींची यादी प्रसिद्ध करावी, आणि त्यानंतर शास्तीत सवलत द्यायचीच असेल तर ती ठरावीक क्षेत्रफळाच्या आतील निवासी मिळकतींपुरती आणि एकदाच द्यावी. ज्यांनी गेली सलग काही वर्षे वेळेत कर भरला आहे त्यांना त्याच ठरावात करात जादा सूट द्यावी.

अंदाजपत्रकातील प्रत्येक उत्पन्नाचा अंदाज मागील तीन वर्षांच्या प्रत्यक्ष जमेच्या सरासरीवर बेतावा आणि त्याहून जास्त आकडा धरायचा असेल तर वाढ कशामुळे होणार हे सभेपुढे लेखी ठेवावे. स्थायी समितीने किंवा सर्वसाधारण सभेने नवे काम सुचवले तर त्यासाठी पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार हे त्याच ठरावात नमूद असावे. शिक्षण आणि आरोग्य या दोन शीर्षांतून वर्गीकरण करून पैसा बाहेर काढू नये. प्रशासक काळाचे विवरण आणि लेखापरीक्षणाचे प्रलंबित आक्षेप अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी सदस्यांना व नागरिकांना मराठीतून उपलब्ध करून द्यावेत. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 प्रमाणे अंदाजपत्रक आणि खर्चाचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करणे महानगरपालिकेवर बंधनकारकच आहे, त्यासाठी नागरिकाला अर्ज करायला लावू नये. आर्थिक परिणाम असलेला कोणताही विषय ऐनवेळी घेऊ नये, असा एक ठराव या सभागृहाने करावा.

विरोधी बाकांवरील सदस्यांनाही माझी विनंती आहे. हे प्रश्न सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणण्यासाठी नव्हे तर उत्तर मिळवण्यासाठी विचारावेत, आणि आपल्या पक्षाची जिथे सत्ता आहे तिथेही तेच विचारावेत.

यांपैकी कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे अंदाजपत्रकावरील सभेच्या आधी लेखी कळवावे. उत्तर मला एकटीला पाठवण्याची गरज नाही. ते महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या सूचना फलकावर लावावे. आकडे वाचण्यासाठी कोणाही सदस्याला, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, मदत हवी असेल तर ती मी विनामूल्य करीन. अंदाजपत्रकाच्या सभेला मी आणि प्रभागातील काही करदाते प्रेक्षक म्हणून उपस्थित राहू आणि मागणीनिहाय कोणत्या सदस्याने काय भूमिका घेतली याची नोंद करून ती आमच्या वस्तीत वाचून दाखवू.

आपली,
एक करदाती नागरिक आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीतील अपक्ष उमेदवार